उन्हाळ्यांतली फुलबाग आणि अनोळखी रोप

वर्धा जिल्ह्यांत फुलबागेची खरी परीक्षा पावसाळ्यांत होत नाहीं, हिवाळ्यांतहि होत नाहीं. ती होते चैत्राच्या अखेरीपासून मृगापर्यंत. पावसाळ्यांत काय, काडी खोंचली तरी ती हिरवी होते. हिवाळ्यांत शेवंती, डेलिया आणि ज्याला या भागांत गेंदा म्हणतात तो झेंडू यांची थोडी निगा राखली म्हणजे बाग करणाऱ्याचें नांव होतें. परंतु वैशाखांत पारा ४५ अंशांच्या घरांत गेला, नवतप्याचे दिवस आले आणि नळाचें पाणी मोजून वापरण्याची पाळी आली, म्हणजे अंगणांतील एक एक कुंडी आपली खरी प्रकृति प्रगट करूं लागते. कांहीं झाडें मरतात. कांहीं मेल्यासारखीं दिसतात, पण मेलेलीं नसतात. आणि कांहीं, ज्यांना कोणीं लावलें नाहीं व ज्यांचें नांव घरांत कोणाला ठाऊक नाहीं, तीं मात्र जोमानें वर येतात. या तिहींतला भेद ओळखतां येणें ही उन्हाळ्यांतील बागकामाची निम्मी विद्या होय.

हा भेद न कळल्यामुळें होणारें नुकसान पुष्कळ घरांच्या अनुभवाचें आहे. सासूबाईंनीं माहेराहून आणलेल्या गड्ड्यांची एक कुंडी जिन्याखालीं ठेवलेली असते. हिवाळ्यांत तिचीं पानें पिवळीं पडून झडतात आणि पुढें दोन-तीन महिने त्या कुंडींत मातीखेरीज कांहींच दिसत नाहीं. पाणी वांचविण्याच्या भरांत घरांतील तरुण मंडळी ती कुंडी रिकामी समजून मोकळी करतात. माती दुसऱ्या झाडाला जाते, गड्डे केरांत जातात. तीच कुंडी आणखी पंधरा दिवस तशीच राहिली असती, तर एखाद्या सकाळीं, पानाचा पत्ता नसतां, मातीला चिकटूनच जांभळट पांढरें सुवासिक फूल उमललेलें दिसलें असतें. हा भुईचाफा. याचें फूल आधीं येतें आणि पानें मागाहून, पावसाच्या सुमारास येतात. फूल जेमतेम एक दिवस टिकतें, पण एकामागून एक अशीं तीं कित्येक दिवस येत राहतात. आफ्रिकेंतून आलेली आणि लाल चेंडूसारखें फूल देणारी फुटबॉल लिलीहि याच पंथाची. वर्षांतील बराच काळ ती मातींत निजून असते आणि मे महिन्यांत एकाएकीं डोकें वर काढते.

म्हणून कोणतेंहि झाड मेलें असें ठरविण्यापूर्वीं दोन गोष्टी कराव्या. कुंडी ओसाड दिसत असेल तर बोटानें माती थोडी उकरावी. आंत घट्ट, रसरशीत गड्डा लागला तर तो निजलेला आहे. पोकळ किंवा लिबलिबीत लागला तर तो गेला. झुडुपाच्या फांदीची साल नखानें किंचित् खरवडावी. खालीं हिरवा पदर दिसला तर फांदीत जीव आहे. तपकिरी कोरडें लांकूड दिसलें तर आणखी खालीं जाऊन पुन्हां खरवडावें. निजलेल्या गड्ड्यांना रोज पाणी घालणें हीहि चूकच, कारण त्यांना तहान नसते आणि ते सडतात. आठ-दहा दिवसांनीं माती दमट राहील इतका शिंतोडा पुरे. आणि कुंडीवर नांवाची पट्टी लावण्यांत कमीपणा कसला? स्मरणशक्तीवर भिस्त ठेवणाऱ्यांच्याच बागेंतलीं झाडें अधिक हरवतात.

आतां मातीकडे वळूं. या जिल्ह्याची काळी कपाशीची जमीन म्हणजे बेसाल्टाच्या खडकाची झीज होऊन झालेली चिकण माती. ती पाण्यानें फुगते आणि वाळली म्हणजे आकसून भेगाळते. शेतांत हा तिचा गुण आहे, कारण ती ओल दीर्घकाळ धरून ठेवते. पण कुंडींत तोच दोष ठरतो. नुसत्या काळ्या मातीनें भरलेली कुंडी उन्हाळ्यांत वाळली कीं मातीचा गोळा आकसून कुंडीच्या कडांपासून सुटतो. वरून तांब्याभर पाणी घातलें कीं तें त्या फटींतून सरळ खालीं उतरतें आणि बुडाच्या भोंकांतून बाहेर येतें. घालणाऱ्याला वाटतें झाड तृप्त झालें; मुळें मात्र कोरडींच राहतात. दुपारीं झाड मान टाकतें, मग आणखी पाणी घातलें जातें, तेंहि त्याच वाटेनें निघून जातें. अशा वेळीं कुंडीचा वरचा थर खुरप्यानें मोकळा करून कडेच्या फटी बुजवाव्या आणि पाणी थोडें थोडें, दोन-तीनदां, थांबून थांबून द्यावें. नवी कुंडी भरतांना काळ्या मातींत वाळू आणि चांगलें कुजलेलें शेणखत मिसळावें, म्हणजे हा प्रसंगच येत नाहीं.

मातीवर आच्छादन घालण्यासारखा स्वस्त उपाय दुसरा नाहीं. सोयाबीनचें किंवा गव्हाचें कुटार, कडुनिंबाचा वाळलेला पाला, कांहींहि चालतें. दोन बोटें जाडीचा थर पुरे. पश्चिमेच्या भिंतीला टेकून ठेवलेल्या कुंड्या आधीं हलवाव्या, कारण ती भिंत सूर्य मावळल्यावरहि कित्येक तास आंच सोडीत राहते. तुराट्यांची किंवा पऱ्हाट्यांची एक ताटी बांधून पश्चिमेकडे उभी केली तर बाजारांतील हिरव्या जाळीइतकेंच काम होतें. मातीच्या कुंडीच्या अंगांतून पाणी पाझरून उडतें व त्यामुळें ती थंड राहते, पण तिला पाणी अधिक लागतें. प्लास्टिकची कुंडी पाणी राखते, पण उन्हांत तापून मुळांना शेकते. तेव्हां प्लास्टिकच्या कुंड्या सावलींत आणि मातीच्या त्यांच्या बाहेर, अशी रांग लावणें शहाणपणाचें. पाण्याची वेळ पहांटेची किंवा दिवेलागणीनंतरची. खतें या दिवसांत बंदच ठेवावीं.

एवढें सांभाळलें तर वर्ध्याचा उन्हाळा फुलांवांचून जात नाहीं. उलट सुवासाचा खरा हंगाम हाच. मोगऱ्याची छाटणी थंडी सरतां सरतां केलेली असली तर नव्या फुटीवर चैत्रापासून कळ्या धरतात, कारण मोगरा नव्या फांदीवरच फुलतो. बटमोगरा, हजारी मोगरा, वेली मोगरा, मदनबाण असे त्याचे कितीतरी प्रकार घरोघर आहेत. फिलिपाईन्सनें १९३४ मध्यें याच मोगऱ्याला आपलें राष्ट्रीय फूल म्हणून मान दिला, हें ऐकून आपल्याकडील गजरेवाल्यांना गंमत वाटेल. आपल्या बागांतील दुहेरी मोगऱ्याला सहसा बी धरत नाहीं. तो फांदीपासून किंवा दाबकलमानेंच वाढवितात. सदाफुली मादागास्करची, तिला या उन्हाचें कांहींच वाटत नाहीं. मधुमालतीचें फूल संध्याकाळीं पांढरें उमलतें, दुसऱ्या दिवशीं गुलाबी व मग लाल होतें, म्हणून एकाच झुबक्यांत तीन रंग दिसतात. आणि ज्यांना अंगणच नाहीं त्यांच्यासाठीं बकुळ आहे, ती रस्त्याकडेला पहांटे आपण होऊन सडा घालते. सेवाग्रामच्या आश्रमांत गांधीजींनीं १९३६ मध्यें लावलेल्या पिंपळाबरोबरच कस्तुरबांनीं लावलेली बकुळहि दाखवितात. बकुळीचें फूल वाळलें तरी त्याचा वास जात नाहीं, हें सांगावयास नकोच.

पण या दिवसांतलें सर्वांत इमानी फूलझाड कोणतें असेल तर तें गुलबक्षी. हिला कोणी मुद्दाम विकत आणीत नाहीं, म्हणून हिची किंमतहि कोणी करीत नाहीं. दुपारभर हिचीं पानें गळाल्यासारखीं लोंबतात आणि पाहणारा म्हणतो कीं हिचें संपलें. उन्हें उतरतीला लागलीं, चार-पांच वाजले, कीं पानें पुन्हां ताठ होतात आणि फुलें उमलतात. जमिनींत हिचें जाड, कंदासारखें मूळ असतें; पाण्याचा सांठा तेथें असतो, आणि वरचें झाड वाळून गेलें तरी त्या मुळांतून पावसाळ्यांत नवे कोंब फुटतात. गुलबक्षी मूळची अमेरिका खंडांतली, पण मराठींत ती इतकी मुरली आहे कीं साडीच्या एका रंगालाच तिचें नांव मिळालें. एकाच झाडावर लाल, पिवळीं आणि ठिपक्यांचीं फुलें कशीं येतात, याचें कोडें शास्त्रज्ञांनाहि पडलें होतें. जर्मनींतील कार्ल कोरेन्स यानें या झाडावर अनेक प्रयोग केले. तांबड्या व पांढऱ्या जातींचा संकर केला असतां संतति गुलाबी होते, हें या झाडावरूनच पाठ्यपुस्तकांत गेलें. आणि १९०९ मध्यें त्यानें दाखविलें कीं पानांचा हिरवा-पांढरा चट्टेरीपणा हा बापाकडून न येतां केवळ मातृवृक्षाकडून उतरतो. ज्या झाडाला केरकचऱ्याच्या कडेला जागा मिळते, त्यानें आनुवंशशास्त्राला एक नवें प्रकरण दिलें! हिची बी मात्र काळ्या मिऱ्यासारखी दिसते, आणि मुलें भातुकलींत ती मिरीं म्हणून वापरतात. ती विषारी आहे. खेळांत ठेवावी, तोंडांत नव्हे.

येथून अनोळखी रोपाचा विषय सुरू होतो. उन्हाळ्यांत सारें रान वाळलेलें असतें. ओल असते ती फक्त कुंड्यांत आणि आळ्यांत. त्यामुळें वाऱ्यानें आलेलें, पांखरांनीं टाकलेलें, शेणखतांतून किंवा रोपवाटिकेच्या मातींतून आलेलें प्रत्येक बीं तेथेंच उगवतें. सगळेंच उपटावें तर एखादी चांगली वस्तु जाते. सगळेंच राखावें तर भलतेंच वाढतें. आणि कांहीं वेळां प्रश्न नुसत्या बागेचा राहत नाहीं.

चिवळीचें उदाहरण घ्या. विदर्भांत उन्हाळ्यांतील चिवळीच्या भाजीला जी प्रतिष्ठा आहे ती बाहेरच्यांना कळावयाची नाहीं. ही नाजूक, जमिनीला बिलगून पसरणारी भाजी कुंड्यांतहि पुष्कळदां आपोआप उगवते, आणि घरची म्हणून कौतुकानें खुडली जाते. परंतु तिच्या शेजारींच, तशीच पसरणारी, तशाच तांबूस काड्यांची आणि बारीक पानांची लहान दुधी उगवते. ही भाजी नव्हे; हिचा चीक दाहक आहे. दोहोंतला फरक ओळखण्यास वनस्पतिशास्त्राची पदवी लागत नाहीं. काडी मोडावी. पांढरें दूध आलें तर ती दुधी, टाकून द्यावी. नुसतें पाणी आलें आणि पान बोटांत दाबतांना मांसल, रसाळ लागलें तर पुढें पाहावें. चिवळीच्या पेरांपाशीं पांढऱ्या केंसांचा बारीक झुबका असतो व फूल चार पाकळ्यांचें पिवळें असतें. दुधीचें पान पातळ असतें. दहाच्या सुमारास उमलणारें, म्हणून ज्याला ‘ऑफिस टाइम’ असें गमतीदार नांव पडलें आहे तें चिनी गुलाबाचें फूलझाड चिवळीच्याच गोत्राचें. भाजी म्हणून खुडावयाची असेल तर एक एक काडी मोडून पाहावी, मूठभर एकदम खुडूं नये. कारण दोन्ही वेली एकमेकींत गुंतून वाढतात.

दुसरें उदाहरण शेवंतीचें. शेवंतीचें जुनें खोड उन्हाळाभर सावलींत जगवून ठेवावयाचें आणि पावसाळ्यांत त्याचे फुटवे लावावयाचे, अशी रीत आहे. त्याच कुंडींत चैत्रांत एखादें कातरलेल्या पानांचें गोजिरवाणें रोप दिसतें. शेवंतीचाच फुटवा असावा, किंवा गेंद्याचें बीं पडलें असावें, अशा समजुतीनें त्याला पाणी मिळतें. महिना-दीड महिन्यांत त्याला पांढरीं बारीक फुलें येतात आणि मग कळतें कीं हें गाजरगवत! या वनस्पतीची भारतांतील ठळक नोंद पुण्याचीच. १९५५ च्या सुमारास ती तेथें आढळली आणि १९५६ मध्यें ती नोंद शास्त्रीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाली. परदेशी धान्याबरोबर ती आली, असें सामान्यतः मानतात. त्यानंतर थोड्याच दशकांत तिनें देश व्यापला. एक मोठें झाड २५ हजारांपर्यंत बिया टाकतें, आणि तिच्या संसर्गानें कित्येकांच्या त्वचेला खाज व पुरळ येतें, कित्येकांना दमाहि होतो. एकदां जडलेलें हें दुखणें पुढें वर्षानुवर्षें छळतें. तेव्हां एका कुंडींतलें रोप लाडानें वाढविणें म्हणजे सगळ्या आळीला भेट देणें होय.

याची ओळख लहानपणींच पटवून घ्यावी. गाजरगवताचें रोप आधीं जमिनीला सपाट चिकटलेल्या पानांचें चक्र करतें. पान गाजराच्या पानासारखें दोनदां चिरलेलें असतें व त्यावर मऊ लव असते. शेवंतीचें पान चुरगळलें कीं उग्र सुगंध दरवळतो. गेंद्याच्या रोपाचीं खालचीं पानें समोरासमोर जोडीनें येतात आणि चुरगळल्यावर त्यांचाहि ओळखीचा वास येतो; गाजरगवताचीं पानें एक-आड-एक येतात. चुरगळावयाचें तें शेवंतीचें पान, संशयित रोपाचें नव्हे, हें लक्षांत ठेवावें. रोप गाजरगवताचें ठरलें तर हातमोजा किंवा पिशवी चढवून, फूल येण्यापूर्वींच, मुळासकट काढावें. फुललेलें झाड खताच्या खड्ड्यांत टाकणें म्हणजे पुढच्या वर्षाची पेरणी करणें.

पेरांवर पान एक येतें, कीं समोरासमोर दोन, कीं तीन, ही खूण फार मोलाची आहे, कारण ती ऋतूप्रमाणें बदलत नाहीं आणि फूल नसतांनाहि पाहतां येते. रातराणी आणि जाईजुई यांची गल्लत रोपवाटिकेंतहि होते. पण जाईचीं पानें जोडीनें येतात आणि प्रत्येक पान पांच ते नऊ लहान पानांचें बनलेलें असतें. रातराणीचीं पानें साधीं आणि एकेक येतात. तगरीला मोगऱ्यासारखें पांढरें फूल व जोडीचीं पानें असतात, पण तिचें पान तोडलें कीं चीक येतो. मोगऱ्याला चीक नाहीं. अशा रीतीनें पानांची मांडणी, चीक, वास, आणि खोड चौकोनी कीं गोल, एवढ्या चार गोष्टी पाहिल्या कीं तुळशीच्या गोत्रांतलें कोण आणि एरंडाच्या गोत्रांतलें कोण हें बहुधा समजूं लागतें. फूल असेल तर तें समोरून पाहून भागत नाहीं. मागून, देठाकडून पाहावें. पाकळ्या सुट्या आहेत कीं खालीं नळींत जुळल्या आहेत, हें तेथेंच कळतें.

याच खुणेनें सर्वांत महत्त्वाचा एक भेद ओळखतां येतो. या भागांत कुंपणाला, देवळाभोंवतीं आणि शाळांच्या आवारांत लाल किंवा पांढरी कण्हेर व पिवळी कण्हेर या दोन्ही मुबलक लावतात, कारण त्यांना पाणी कमी लागतें आणि गुरें तोंड लावीत नाहींत. गुरें तोंड लावीत नाहींत याचें कारण मात्र फुलें तोडणारे विसरतात. दोन्ही झाडें मुळापासून फुलापर्यंत विषारी आहेत आणि त्यांचें विष हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करतें. कण्हेरीचीं पानें एका पेरावर तीन तीन येतात व तिला लांब शेंगा धरतात. पिवळ्या कण्हेरीचीं अरुंद पानें एकेक येतात, ती दुधाळ आहे, आणि तिला हिरवीं, पुढें काळीं पडणारीं, जाड गराचीं त्रिकोणी फळें येतात. त्या फळांतील टणक कवच, म्हणजे बिट्टी, मुलें खेळावयास घेतात. कवचाच्या आंतील बी हा सर्वांत घातक भाग. वनएरंडाच्या, म्हणजे मोगली एरंडाच्या बियाहि मुलें शेंगदाण्यासारख्या खातात आणि शाळेंतील बरींच मुलें एकदम आजारी पडल्याच्या बातम्या त्यामुळेंच येत असतात.

मुलानें असें कांहीं खाल्लें असा नुसता संशय आला तरी घरगुती उपायांत, मिठाचें पाणी पाजून ओकाऱ्या काढण्यांत वेळ दवडूं नये. तोंडांत उरलेला भाग काढून टाकावा व तडक रुग्णालय गांठावें; आणि जातांना त्या झाडाची पानाफळांसह एक डहाळी पिशवींत घालून बरोबर न्यावी. कारण तेथें पहिला प्रश्न येतो तो ‘काय खाल्लें?’ हा, आणि त्याचें ‘अंगणांतलें कसलेंसें पिवळें फूल’ हें उत्तर डॉक्टरांच्या कामाचें नसतें. ज्या घरांत अंगणांतल्या प्रत्येक झाडाचें नांव ठाऊक असतें, तेथें या प्रश्नाचें उत्तर तयार असतें.

मात्र नांव ठाऊक असणें आणि झाड ठाऊक असणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पिवळा धोतरा हा धोतरा नव्हेच. त्याचें गोत्र अफूचें. पान काटेरी, फूल पिवळें तलम, चीकहि पिवळा. उन्हाळ्याच्या तोंडीं पडीक जागीं तो इतका सुंदर फुलतो कीं एखाद्याला तो बागेंत आणावासा वाटावा. त्याच्या बिया मोहरीसारख्या दिसतात. त्यांचें तेल मोहरीच्या तेलांत मिसळलें गेल्यामुळें १९९८ मध्यें दिल्लींत जलोदरासारख्या सुजेच्या रोगाची सांथ आली व अनेक माणसें दगावलीं. चाफ्याची गोष्ट तर याहून मौजेची. सोनचाफा आणि कवठी चाफा हे एकाच कुळांतले. पण पांढरा किंवा खुरचाफा हा अमेरिकेंतून आलेला दुधाळ, तो कण्हेरीचा भाऊबंद. हिरवा चाफा सीताफळाच्या कुळांतला. नागचाफा उंडीच्या जवळचा. आणि भुईचाफा हळद-आल्याच्या गोत्रांतला. एका चाफा या नांवाखालीं पांच कुळें! म्हणून ‘चाफ्याला पाणी किती द्यावें?’ या प्रश्नाला उत्तर नाहीं. कोणता चाफा, हें आधीं ठरलें पाहिजे. स्वीडनच्या लिनियसनें १७५३ मध्यें वनस्पतींना दोन-दोन शब्दांचीं लॅटिन नांवें देण्याची पद्धति रूढ केली ती याच घोटाळ्यांतून सुटका व्हावी म्हणून. तीं नांवें उच्चारतांना जीभ वळत नाहीं हें खरें, पण कुंडीच्या पट्टीवर मराठी नांवाखालीं तें लिहून ठेवण्यास जीभ वळविण्याचें कारण नाहीं.

हल्लीं मोबाइलवर छायाचित्र काढलें कीं झाडाचें नांव सांगणारीं साधनें मिळतात, आणि तीं उपयोगाचींहि आहेत. पण त्यांचें उत्तर हा तर्क समजावा, निर्णय नव्हे. एका पानाच्या छायाचित्रावरून नांव मागणें म्हणजे कानाच्या पाळीवरून माणूस ओळखावयास सांगणें. पूर्ण झाड, पेरापाशीं पान कसें जुळलें आहे तें, फूल समोरून व मागून, आणि फळ किंवा शेंग, इतकीं छायाचित्रें द्यावीं. मग मिळालेलें नांव वरच्या खुणांशीं ताडून पाहावें. खावयाच्या वस्तूचा निर्णय तर यंत्राच्या भरंवशावर कधींच करूं नये. शंका उरली तर जवळच्या महाविद्यालयांतील वनस्पतिशास्त्राच्या अध्यापकांना नमुना दाखवावा. पुण्यास भारतीय वनस्पति सर्वेक्षण संस्थेचें पश्चिम विभागाचें केंद्र १९५५ पासून आहे, आणि मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयांत ब्लॅटर यांच्या नांवानें ओळखला जाणारा वाळलेल्या वनस्पतींचा मोठा संग्रह आहे. अशा संग्रहांतील पुष्कळसे नमुने कोणीतरी एखाद्या दुपारीं वर्तमानपत्रांत दाबून ठेवलेल्या डहाळ्याच आहेत.

तें काम घरींहि सहज होतें, आणि मुलांच्या सुटींत त्याच्याइतका चांगला विरंगुळा नाहीं. फुलाफळांसह वीतभर डहाळी घ्यावी, एखादें पान उलटें ठेवून वर्तमानपत्राच्या घडींत पसरावी आणि वर जड पुस्तकें ठेवावीं. कागद रोज बदलावा. कोंकणांत याला बुरशीची भीति फार. वर्ध्याच्या कोरड्या हवेंत चार-सहा दिवसांत डहाळी कडकडीत वाळते. नवतप्याचा हा एक तरी फायदा पदरांत पडतो! नंतर जाड कागदावर ती दोऱ्यानें टांकून खालीं तारीख, जागा, झाडाची उंची, फुलाचा ताजा रंग आणि वास लिहावा. कारण वाळल्यावर रंग उडतो आणि वास जातो, व नेमकें तेंच पुढें कोणीतरी विचारतो. विषारी झाडांच्या डहाळ्या मोठ्या माणसांनींच दाबाव्या व त्यांवर तसें ठळक लिहावें.

मृगाची पहिली सर पडली कीं हा सगळा खेळ बदलतो. चार दिवसांत तरोट्याची रोपटीं अंगणभर उगवतात. त्याच्या पानाला लहान पानांच्या तीन जोड्या असतात आणि तीं संध्याकाळीं मिटतात. कोंवळेपणीं त्याची भाजी होते. गुलबक्षीच्या जुन्या मुळांना कोंब फुटतात, आणि जिन्याखालच्या त्या रिकाम्या कुंडींतून हळदीसारखीं सुरळी केलेलीं टोंकदार पानें वर येतात. तीं उलगडलीं कीं खालची बाजू जांभळी दिसते. तेव्हां ती कुंडी उजेडांत आणून ठेवावी आणि पाणी वाढवावें.